शेडनेटमध्ये कोरियन जिनसेंग लावावे का?

सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकरी बंधूंचा प्रश्न: "दहा गुंठ्यांचे शेडनेट रिकामे आहे. एक एजंट कोरियन जिनसेंगची रोपे देतो. सहा महिन्यांत मुळे काढा, आम्हीच विकत घेऊ, म्हणतो. लावू का? आणि अश्वगंधेलाच भारतीय जिनसेंग म्हणतात ना?"

लावू नका. 'सहा महिन्यांत मुळे' एवढे ऐकूनच एजंटाला चहा पाजून वाटेला लावायला हरकत नव्हती.

खरे जिनसेंग, म्हणजे पॅनॅक्स जिनसेंग, हे ईशान्य चीन, कोरिया आणि रशियाच्या अतिपूर्व भागातील थंड जंगलांत झाडांच्या सावलीला वाढते. दर हिवाळ्यात वरचा भाग वाळतो, मूळ जमिनीत जिवंत राहते आणि वसंतात पुन्हा फुटते. लागवडीतले मूळही साधारण चार ते सहा वर्षांनी काढतात. कोरियात लाल जिनसेंगसाठी, म्हणजे वाफवून सुकवलेल्या मुळासाठी, सहा वर्षांच्या मुळाला मान आहे. फळ पिकते तेव्हा बियांतला गर्भ अपुरा असतो, त्यामुळे निसर्गात बी रुजायला दीड वर्षही लागते.

शेडनेटमुळे सावली मिळेल, पण थंडी कुठून आणणार? जाळी ऊन अडवते, हवेतली उष्णता नाही. तापमान ३० अंशांवर टिकून राहिले की या पिकाची पाने करपू लागतात, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. मुळावरचा डोळा पुन्हा फुटायला काही महिने कडाक्याची थंडी लागते, तीही आपल्याकडे नाही. शिवाय मूळकुजीच्या बुरशीमुळे एकदा जिनसेंग घेतलेल्या जमिनीत दहा-दहा वर्षे ते पुन्हा नीट येत नाही. कोरियातले शेतकरीसुद्धा म्हणूनच नव्या जमिनीच्या शोधात असतात.

मग एजंट दाखवतो ते रोप कोणते? पान पाहा. पॅनॅक्सचे पान पंजासारखे, सहसा पाच पर्णिकांचे (एका देठावरच्या छोट्या पानांचे) आणि दातेरी कडांचे असते. पहिल्या वर्षी तीनच पर्णिका असतात. पान साधे, जाडसर, रसाळ असेल आणि फुले बारीक गुलाबी असतील, तर ते टॅलिनम असण्याची शक्यता मोठी. त्याला 'जावा जिनसेंग' म्हणतात. मूळ मांसल, दिसायला फसवे, आणि उष्ण हवेत ते सहज वाढते. त्याची पाने भाजी म्हणून खातात. भाजी म्हणून लावायला ते वाईट नाही, पण त्या मुळाला जिनसेंगचा भाव कोण देणार?

भाव ठरतो तो मुळातल्या रसायनांवर. जिनसेंगचे मुख्य घटक म्हणजे जिन्सेनोसाइड. हे सॅपोनिन वर्गातले (पाण्यात साबणासारखा फेस देणारे) असून त्यांच्या सांगाड्याला साखरेचे रेणू जोडलेले असतात. आरबी१, आरजी१, आरई ही त्यांतली प्रमुख नावे. चिनी औषधकोशानुसार सुक्या मुळात आरजी१ आणि आरई मिळून किमान ०.३० टक्के आणि आरबी१ किमान ०.२० टक्के असावे लागते. ताजे मूळ वाफवून सुकवले की ते लालसर होते. उष्णतेने काही साखरेचे रेणू गळतात आणि आरजी३सारखे, कच्च्या मुळात जवळपास नसलेले घटक तयार होतात. एकाच मुळाचे पांढरे आणि लाल जिनसेंग औषध म्हणून वेगळे धरतात ते यामुळे.

अश्वगंधेत जिन्सेनोसाइड नसतात. ती वांगी-बटाट्याच्या कुळातली. तिचे घटक विथॅनोलाइड, तेही निराळ्याच वर्गातले. 'भारतीय जिनसेंग' हे निव्वळ बाजारातले टोपणनाव. अमेरिकेत तर २००२च्या कायद्यानुसार पॅनॅक्सखेरीज इतर वनस्पती 'जिनसेंग' म्हणून विकता येत नाही. तेव्हा माल अश्वगंधा म्हणूनच विका, तिला स्वतःची बाजारपेठ आहे. मध्य प्रदेशातल्या नीमचची मंडी त्यासाठी प्रसिद्ध आहे.

मुळाचे पीक हवेच असेल तर अश्वगंधाच घ्या, तीही शेडनेटबाहेर. हलकी, निचऱ्याची जमीन निवडा. भारी काळ्या रानात पाणी साचून मुळे कुजतात. पेरणी जुलै-ऑगस्टमध्ये, काढणी पाच-सहा महिन्यांनी, पाने सुकून फळे लाल झाल्यावर. जाड आणि बारीक मुळे वेगळी सुकवा, प्रतवारीवर दर बदलतो. मोठे क्षेत्र करण्याआधी विथॅनोलाइडची तपासणी कुठे होते आणि खरेदीदार त्याप्रमाणे दर देतो का, हे लेखी घ्या.

दुसऱ्या एका भगिनीने विचारले आहे की आईला अशक्तपणा आहे, मधुमेहही आहे, जिनसेंगच्या कॅप्सूल द्याव्यात का? पूर्व आशियात थकव्यावर आणि आजारपणानंतरची ताकद म्हणून हे मूळ शतकानुशतके वापरतात. थकव्यावर काही चाचण्यांत फायदा दिसला, काहींत नाही. पण ते रक्तातली साखर खाली आणू शकते, आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनच्या परिणामातही ढवळाढवळ करू शकते. अश्वगंधाही साखर उतरवू शकते, आणि थायरॉइडचे रुग्ण व गरोदर स्त्रियांनी तीही मनाने घेऊ नये. आईच्या चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा, आणि अशक्तपणाचे कारण शोधायला आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.