टॉर्क टेनो व्हायरस (टीटीव्ही) रक्तात सापडला, तर उपचार घ्यावे लागतात का?

नाही. त्यावर औषध नाही आणि गरजही नाही. १९९७ साली जपानमध्ये, रक्त चढवल्यानंतर यकृतदाह झालेल्या रुग्णात तो सापडला, म्हणून आधी संशय त्याच्यावर गेला. पण पुढे पीसीआर चाचण्या सुधारल्या तसा तो धडधाकट रक्तदात्यांतही सर्रास दिसू लागला, आणि कुठल्याच आजाराशी संबंध सिद्ध झाला नाही. तो मोजण्याचा उपयोग होतो तो मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर: प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जास्त झाली की विषाणूचं प्रमाण चढतं (जंतुसंसर्गाचा धोका), कमी पडली की उतरतं (अवयव नाकारला जाण्याचा धोका). तिथेही नुसता ‘पॉझिटिव्ह’ शेरा बिनकामाचा. रक्ताच्या दर मिलिलिटरमध्ये विषाणूच्या किती प्रती आहेत आणि आकडा कुठे सरकतोय, ते बघतात.