संचालक मंडळावर महिला आल्या म्हणून नफ्याचा आकडा खरा धरावा का?

कर्नाटकच्या सीमाभागातल्या चिकोडीकडच्या, शेअर बाजारात नोंदलेल्या एका साखर कंपनीचे शेअर्स तुमच्याकडे आहेत. यंदा तिच्या संचालक मंडळावर दोन महिला आल्या, तर नफ्यावर जास्त भरवसा ठेवायचा का, असं तुम्ही विचारलंय. तेवढ्यावरून अजिबात नको. सत्यम या आयटी कंपनीच्या मंडळावर एक महिला स्वतंत्र संचालक (म्हणजे प्रवर्तकांशी, कंपनीच्या मालक मंडळींशी, संबंध नसलेली) होत्या, हार्वर्डचे एक प्राध्यापकही होते. तरी जानेवारी २००९ मध्ये ५,०४० कोटींची रोकड नुसती कागदावर असल्याचं उघड झालं.

साखरेत नफा फुगतो तो गोदामात. हंगाम मार्चच्या आसपास आटोपतो, त्यामुळे ३१ मार्चला पोत्यांच्या थप्प्या छताला टेकलेल्या असतात. १ लाख क्विंटल साठ्याला क्विंटलमागे १०० रुपये जास्त लावले की एक पोतंही न विकता करापूर्वीचा नफा १ कोटीने वाढतो. उत्पादन खर्च आणि विकून निव्वळ हाती येणारी किंमत, यांतली कमी असेल ती लावायची, असा नियम आहे. गोची खर्चात होते. सीमेपलीकडचे कारखाने ऊस ओढतात आणि इथलं गाळप घटतं. अशा वर्षी रिकाम्या राहिलेल्या क्षमतेचा स्थिर खर्च (गाळप कमी झालं तरी न घटणारा) साठ्यावर चढवता येत नाही, तो त्याच वर्षी नफ्यातून वजा व्हायला हवा. हे विचारणारं माणूस मंडळावर हवं, बाई असो वा पुरुष. माझ्या मते खरी विविधता ती.

रोकड प्रवाहही जपून वाचा. ऊसबिल १४ दिवसांत द्यायचं असतं. ते थकवलं की कामकाजातून आलेली रोकड भरघोस दिसते, पण ते पैसे शेतकऱ्याचे असतात. म्हणून पाच वर्षांचा करोत्तर नफा आणि पाच वर्षांची रोकड शेजारी मांडा आणि ऊसबिलाची थकबाकी वजा करून पाहा.

आता त्या दोघींबद्दल. कंपनी कायद्यातली एका महिला संचालकाची अट प्रवर्तकाच्या पत्नीला बसवूनही पुरी होते. स्वतंत्र महिला संचालकाची सेबीची (शेअर बाजाराच्या नियामकाची) सक्ती बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांनाच आहे. वार्षिक अहवालातल्या कॉर्पोरेट गव्हर्नन्सच्या भागात संचालकांची आपसातली नाती आणि हजेरी दिलेली असते. लेखापरीक्षण समितीत, म्हणजे हिशेब तपासणाऱ्या मंडळाच्या समितीत, त्या आहेत का, ते बघा. वर्षाचे निकाल ३० मेपर्यंत मंजूर होतात. त्याआधीच्या समितीच्या बैठकीला त्या हजर होत्या का, हेही बघा; ती बैठक पुढच्या आर्थिक वर्षात मोडते, म्हणून तिची हजेरी पुढच्या वर्षीच्या अहवालात शोधा.