चेफालूला आठ दिवस जास्त होतात का?

तुम्ही विचारलंय की इटलीच्या सिसिली बेटावरच्या चेफालू या समुद्रकाठच्या गावात आई-बाबांना (वय ६८ आणि ७३) घेऊन आठ दिवस राहायचं मनात आहे, पण घरचे म्हणतात ते गाव दोन दिवसांत बघून होतं, उरलेल्या दिवसांत रोम, व्हेनिस आणि जमलं तर स्वित्झर्लंड करून या. तर किती दिवस ठेवावेत आणि कुठल्या महिन्यात जावं.

आठही ठेवा. सप्टेंबरात जा.

'दोन दिवसांत बघून होतं' हे वाक्य मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

२०१४ साली दादाने आई-बाबांना युरोपच्या ग्रुप टूरवर पाठवलं. अकरा दिवस, सहा देश. पैसे त्याने भरले, हौसेने भरले, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण परत आल्यावर बाबांनी सांगितलं ते एवढंच, की रोज पहाटे साडेपाचला बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या आणि बस थांबली की आधी बाथरूम शोधायचं. पॅरिसला आयफेल टॉवरसमोर दोघांचा फोटो आहे. त्यात आई कॅमेऱ्याकडे बघतेय आणि बाबा मनगटावरच्या घड्याळाकडे, कारण वीस मिनिटांत बसमध्ये बसायचं होतं. बाबा २०१७ मध्ये गेले. तो फोटो दादाच्या हॉलमध्ये लावलेला आहे आणि मला तो बघवत नाही.

म्हणून २०२३ च्या सप्टेंबरात आईला मी एकटीने नेलं. ती तेव्हा ७१ वर्षांची होती. एकच गाव, नऊ रात्री. दादा म्हणाला, "एवढे पैसे खर्चून एका खेड्यात नऊ दिवस नुसतं बसून राहणार?" मी म्हटलं, हो.

तो एका अर्थी चुकीचं बोलत नव्हता. यादी करायची तर चेफालूची यादी छोटीच आहे. कॅथेड्रल, गावाच्या डोक्यावरचा २७० मीटर उंचीचा खडक (ला रोक्का), मांद्रालिस्का संग्रहालय आणि वाळूचा किनारा. धडधाकट माणूस दीड दिवसात मोकळा होईल. आम्हीसुद्धा कॅथेड्रल पहिल्याच दिवशी बघितलं. नॉर्मन राजा दुसरा रुज्जेरो याने ११३१ मध्ये ते बांधायला घेतलं. आत वेदीमागच्या अर्धगोल घुमटात ख्रिस्ताचं भलंमोठं सोनेरी मोझेक (बारीक तुकडे जडवून केलेलं चित्र) आहे, ११४८ सालचं. आई मान वर करून बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "चेहरा किती शांत आहे गं." झालं, बाहेर आलो.

पण कॅथेड्रलसमोरच्या चौकात आम्ही रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. तिसऱ्या संध्याकाळी आई एकदम म्हणाली, "त्या दोन मनोऱ्यांची टोकं सारखी नाहीत." बघितलं तर खरंच, एकाचं निमुळतं टोक चार बाजूंचं आहे आणि दुसऱ्याचं आठ बाजूंचं. तीन दिवस मी त्याच मनोऱ्यांचे फोटो काढत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती सांगते. वित्तोरिओ एमानुएले नावाच्या गल्लीत एका जुन्या वाड्याखाली कपडे धुण्याची मध्ययुगीन जागा आहे, 'लावातोयो'. गल्लीतून काळ्या लाव्हाच्या दगडाच्या रुंद पायऱ्या वळत खाली जातात. खाली दगडी हौद आहेत, भिंतीतल्या बिडाच्या सिंहमुखांतून चेफालिनो नदीचं पाणी त्यांत पडतं आणि पुढे समुद्राला जाऊन मिळतं. या नदीचं पाणी चांदीहून शुद्ध आणि बर्फाहून थंड असल्याचं तिथे दगडात कोरून ठेवलंय.

आई वाईची, मधल्या आळीतली. लग्न होईपर्यंत घरचं धुणं कृष्णेच्या घाटावर तिनेच धुतलं. ती पायऱ्या उतरली, चपला काढल्या, साडीचा ओचा वर खोचला आणि हौदाच्या काठाशी वाकून हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. मग हौदाच्या उतरत्या दगडावरून तळवा फिरवून मला म्हणाली, "इथे हात लावून बघ. इथे झिजलाय. गुडघा इथे टेकायचा, कपडा इथे घासायचा आणि पिळे या बाजूला ठेवायचे. वरच्या हौदात खळबळायचं, साबणाचं खाली. नाहीतर खालची बाई भांडायला येते." माझ्या बोटांना तो खळगा लागला. नुसता बघून तो दिसत नाही.

तो दुसरा दिवस होता. दोन दिवसांच्या हिशोबाने आम्ही इथून स्टेशनवर गेलो असतो.

त्यानंतर आई रोज सकाळी तिथे जायची. पाचव्या दिवशी तिथल्याच एक आजी पायऱ्यांवर बसलेल्या होत्या, आईपेक्षा मोठ्या, काळ्या झग्यातल्या. आईने हाताने कपडे आपटायची खूण केली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. आजींनी मान हलवली, आपले दोन्ही हात पुढे केले, पाण्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "फ्रेद्दा, फ्रेद्दा." थंड. हिवाळ्यात त्या पाण्याने बोटांचं काय व्हायचं ते त्यांनी बोटं आखडून दाखवलं. आईने तिचीही दाखवली. दोघी पाऊण तास तिथे बसल्या होत्या. एकीला इटालियन सोडून काही येत नाही, दुसरीला मराठी सोडून. मी मध्ये पडून फोनवर भाषांतर करायला लागले तर आईने मला हातानेच गप्प केलं. उठताना त्या आजींनी आईचा हात आपल्या हातात घेऊन ठेवला होता.

त्या रात्री दादाचा फोन आला. आज काय बघितलं? आई म्हणाली, "काही नाही रे, धुण्याच्या जागी बसले होते." तो मला म्हणाला, "बघ, कंटाळली ती." कंटाळलेलं माणूस असं बोलत नाही. ती आजतागायत कुणी घरी आलं की त्या आजींबद्दल सांगते. सहा देशांबद्दल तिला मी एकदाही काही सांगताना ऐकलेलं नाही. बाबांना असं एक गाव मिळायला हवं होतं. ते वाचनवेडे, गप्पिष्ट माणूस, त्या चौकातल्या बाकावर त्यांनी आठ दिवसांत आठ मित्र केले असते. हे मी दादाला तोंडावर सांगितलंय आणि इथेही सांगते.

सिसिलीची राजधानी पालेर्मो, तिथे मात्र एक दिवस आम्हीही गेलो. चेफालू तिथून साधारण सत्तर किलोमीटर पूर्वेला, ट्रेनने तासाभराचा रस्ता. कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो. पालेर्मो स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर बाल्लारो बाजार आहे. तिथे 'पानेल्ले' खा. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात शिजवून, घोटून, थापून, काप करून तळतात आणि पावात घालून देतात. आईने पहिल्या घासालाच म्हटलं, ही तर आपली थापी वडी, फक्त तळलेली. शाकाहारी असाल तर तिथे उपाशी राहत नाही. वांग्याची आंबटगोड कापोनाता आहे, वांगं घातलेला नोर्मा पास्ता आहे, सकाळी बदामाची ग्रानिता (बर्फाच्या गोळ्यासारखी) आणि ब्रिओश (गोडसर मऊ पाव) आहे. फक्त कापोनातात काही जण मासेही घालतात, तेवढं विचारून घ्या.

महिना. जून किंवा सप्टेंबर. सप्टेंबरात समुद्राचं पाणी कोमट असतं, आई गुडघाभर पाण्यात रोज उभी राहायची. ऑगस्टमध्ये अजिबात नको, सगळी इटली तेव्हा सुट्टीवर असते आणि उकाडाही फार.

आता थोडं तुमच्या विरुद्धचंही सांगते, कारण नुसतं चांगलं सांगून तुम्हाला पाठवणं बरोबर नाही. जुन्या गावातली घरं उंच आणि जिने अरुंद, बहुतेक ठिकाणी लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं आणि आईचे गुडघे पहिल्याच दिवशी बोलायला लागले, ती चूक पूर्णपणे माझी. तळमजला किंवा लिफ्ट असेल तरच घ्या आणि पैसे भरण्याआधी घरमालकाकडून लेखी उत्तर मागा. स्वयंपाकघर हवंच, कारण हॉटेलं रात्री साडेसातशिवाय जेवण देत नाहीत आणि आपल्या लोकांना तोवर भूक लागून गेलेली असते. दुपारी एक ते चार बरीचशी दुकानं बंद असतात, त्या वेळात घरी झोपा. ला रोक्काची चढण आई-बाबांना झेपणार नाही, तुम्ही एकटे सकाळी लवकर जाऊन या, वरून सगळं गाव आणि कॅथेड्रल पायाशी दिसतं. लावातोयोच्या पायऱ्या ओल्या असतात, बाबांचा हात धरा. तिथे शक्यतो सकाळी जा, दिवसाच्या सहलींची माणसं यायच्या आत.

आणि तुमचे बाबा एका जागी बसणाऱ्यातले नसतील, तर मधेच एक दिवस बसने डोंगरातल्या कास्तेलबुओनोला जाऊन या, किल्ला आहे. पण आठातला एखादा दिवस कमी करायची वेळ आलीच, तर पालेर्मोचा कमी करा, चेफालूचा नको.