सर्वांत लांब शब्द: इंग्रजीतला, संस्कृतातला आणि राजारामपुरीतला

प्रश्न असा आहे: इंग्रजीतला सर्वांत लांब शब्द कोणता, इतर भाषांत त्याहून लांब शब्द आहेत का, आणि मराठीत?

इंग्रजी शब्दकोशापुरतं उत्तर सरळ आहे: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. रोमन लिपीत ४५ अक्षरं. इतर भाषांत याच्या कितीतरी पट लांब शब्द आहेत. मराठीत तर असे शब्द रोज बोलता बोलता तयार होतात आणि कुठल्याच कोशात जात नाहीत. या तिन्ही ठिकाणी ‘शब्द’ म्हणजे एकच वस्तू नव्हे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी तो ४५ अक्षरी. न्यूमोनो म्हणजे फुप्फुसाचं, अल्ट्रामायक्रोस्कोपिक म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकातही न दिसणारं, सिलिको म्हणजे सिलिकाचं, व्होल्कॅनो म्हणजे ज्वालामुखी आणि कोनिओसिस म्हणजे धुळीमुळे होणारा विकार. ज्वालामुखीतून येणारी सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे जाऊन होणारा फुप्फुसाचा आजार, असा एकूण अर्थ. पण तो डॉक्टरांच्या गरजेतून आलेला नाही. अमेरिकेत शब्दकोडी सोडवणाऱ्यांची नॅशनल पझलर्स लीग नावाची संघटना आहे. १९३५ साली तिचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो लांबीसाठीच घडवला, वर्तमानपत्रात त्याची बातमी आली आणि पुढे मोठ्या शब्दकोशांनी त्याला जागा दिली.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) काम करतो, म्हणून इथे जरा थांबतो. कोल्हापूरचं ओतकाम वाळूच्या साच्यांवर चालतं आणि ही वाळू म्हणजे मुख्यतः सिलिकाच. ओतलेला माल निवल्यावर शेकआउटला साचा फोडतात, मग फेटलिंगमध्ये कास्टिंगला चिकटलेली वाळू घासून काढतात. या दोन्ही ठिकाणी धूळ उडते. डोळ्याला दिसणारी जाड धूळ नाकाघशात अडकते. न दिसणारी थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचते, तिथं वर्षानुवर्षं साठून फुप्फुस कडक करते आणि झालेली हानी परत भरून येत नाही. या आजाराला दवाखान्यात सिलिकोसिस म्हणतात. १९४८ च्या कारखाना अधिनियमातही, कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत, हाच छोटा शब्द होता. कुणी पाठ केलेला ४५ अक्षरी शब्द एका दमात म्हणून दाखवला की मी त्याला अर्थही सांगतो, आणि धूळ ओढून घेणारी यंत्रणा व चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क का लागतो तेही सांगतो. शब्द कोड्यासाठी घडवला असला तरी त्यातली धूळ खरी आहे.

इंग्रजीतले बाकीचे दावेदार पटकन सांगतो. अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम हा २८ अक्षरी शब्द मला जास्त आवडतो, कारण त्याच्यामागे खरा वाद आहे: एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये चर्चचा सरकारी दर्जा काढून घ्यायला विरोध करणाऱ्यांची ती भूमिका. फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन २९ अक्षरी, म्हणजे एखाद्या गोष्टीला कवडीमोल ठरवणं. आणि टिटिन या स्नायूतल्या प्रथिनाचं १,८९,८१९ अक्षरांचं रासायनिक नाव सांगणारे भेटतील. त्यात त्या प्रथिनातली अमिनो आम्लं ओळीनं मांडलेली आहेत, म्हणजे ते सूत्र झालं. त्याला मी शब्द मानत नाही.

जर्मनमध्ये गोष्ट वेगळी होते, कारण तिथं नामं एकमेकांना चिकटवूनच लिहितात. १९९९ मध्ये मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न या राज्यानं गोमांसाच्या लेबलांवर देखरेख करण्याचं काम कुणाकडे सोपवायचं याचा कायदा केला आणि ते सगळं ६३ अक्षरांच्या एका शब्दात बसवलं. २०१३ मध्ये कायदा रद्द झाला, शब्दही गेला. तो लागू असतानाही कागदोपत्री त्याचं संक्षिप्त रूप असायचंच. आमच्या कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला जिल्हाभर ‘सीपीआर’ म्हणतात, तसंच हे. लांब नाव रोजच्या तोंडी टिकत नाही.

लांबीसाठी एकच शब्द निवडायचा तर मी संस्कृतातला निवडेन. सोळाव्या शतकात विजयनगरच्या दरबारात तिरुमलाम्बा नावाची कवयित्री होती. राजा अच्युतदेवराय आणि वरदाम्बिका यांच्या विवाहावर तिनं ‘वरदाम्बिकापरिणयचम्पू’ लिहिला (चम्पू म्हणजे गद्य-पद्य मिसळलेलं काव्य). त्यात कांचीच्या आसपासच्या तोंडैमंडल प्रदेशाचं वर्णन करताना एक समास येतो, तो १९५ अक्षरांचा. रोमन लिपीत ४२८ अक्षरं होतात आणि गिनीज बुकानं त्याची नोंद केली आहे. आकड्यापेक्षा आत काय आहे ते बघा. मध ठिबकणारी आंब्याची झाडं इतकी दाट, की ढग दाटून आल्याचा भास व्हावा. त्यांच्या बुंध्याशी अंथरुणासारखी मऊ वाळू. तिथं पाणपोई. पाणपोईवरच्या मुलींच्या हातातल्या झारीतून वेलदोडा, लवंग, कापूर, कस्तुरीच्या वासाचं गार पाणी पडतंय, आणि वाटसरूंची तहान मात्र त्या पाण्याच्याही आधी मुलींच्या डोळ्यांच्या तेजानंच भागतेय. हे सगळं एका शब्दात! ‘पानीयशालिकाबालिका’ एवढा तुकडा मोठ्यानं म्हणून पाहा, पाणपोईवरची पोर समोर उभी राहते. हा शब्द विक्रमासाठी रचलेला वाटत नाही. आंबराईतून चालत गेलेला माणूस जसं एकेक बघत जातो, तसा तो एकेक पद घेत लांबत जातो.

संस्कृत आणि जर्मन शब्दाला शब्द जोडतात. तुर्की प्रत्ययाला प्रत्यय जोडते. तिथला प्रसिद्ध नमुना चेकोस्लोव्हाकिया या नावापासून सुरू होतो आणि शेवटाला पोचेपर्यंत ‘ज्यांना आम्ही चेकोस्लोव्हाकियन करू शकलो नाही त्यांच्यापैकी तुम्ही असल्यासारखे’ एवढा अर्थ एकाच शब्दात येतो. असं कुणी रोज बोलत नाही, पण व्याकरणाला तो चालतो.

आणि इथेच मराठी येते. मराठीतला लांब शब्द म्हणून लोक ‘किंकर्तव्यविमूढ’ सांगतात. तो संस्कृतातून तयार आलेला समास, आणि अक्षरं सातच. मराठीची स्वतःची ताकद सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं जे रूप होतं त्यात, आहे. नामाचं सामान्यरूप झालं की त्याला विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागतं, आणि त्या जोडलेल्या शब्दाचं पुन्हा सामान्यरूप होऊ शकतं. लग्नघरात आमंत्रणाची यादी चालू असते तेव्हा ऐका. कोल्हापुरातली आमची वस्ती राजारामपुरी. राजारामपुरीत. राजारामपुरीतले. राजारामपुरीतल्यांच्याकडे. राजारामपुरीतल्यांच्याकडचे. आणि मग एखादी आत्या विचारते, “राजारामपुरीतल्यांच्याकडच्यांनासुद्धा पत्रिका दिलीस न्हवं?” देवनागरीत १५ अक्षरं, रोमनमध्ये लिहिलं तर चाळिसाच्या घरात. म्हणजे कोड्यासाठी घडवलेल्या त्या इंग्रजी शब्दाच्या जवळपास, आणि आत्यानं तो श्वास न घेता, विचारही न करता बनवला. पुण्याकडचे मधला एक ‘च्या’ गाळून ‘राजारामपुरीतल्यांकडच्यांना’ म्हणतील. आमच्याकडे तो ‘च्या’ हवाच.

यात लेखनाच्या नियमाचाही वाटा आहे. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं जोडून लिहितात. हिंदीत नामानंतरचे का, से, में सुटे लिहितात, म्हणून तोच मजकूर तिथं अनेक सुट्या शब्दांचा दिसतो. इंग्रजीही नामांच्या माळा करते, फक्त मध्ये जागा सोडते. त्यामुळे ‘जगातला सर्वांत लांब शब्द’ अशी एकच यादी करून त्यात इंग्रजी, तुर्की, संस्कृत एका रांगेत बसवणं मला पटत नाही. शिवाय मोजायचं काय, तेही ठरवायला लागतं: देवनागरीत ‘ल्यां’ हे एक अक्षर, रोमनमध्ये तीच चार-पाच चिन्हं.

कुठल्याही मराठी शब्दकोशात ‘राजारामपुरीतल्यांच्याकडच्यांनासुद्धा’ मिळणार नाही आणि मिळायलाही नको. कोशात राजारामपुरीही नसते आणि आत्याची यादीही. तुम्हाला मराठीतला लांब शब्द हवा असेल तर आपल्या गावाचं किंवा पेठेचं नाव घेऊन घरातल्या मोठ्या माणसांचं बोलणं ऐका. मुद्दाम रचलेला नको, कुणीतरी खरोखर बोललेला हवा. सोळा अक्षरांचा सापडला तर मला नक्की कळवा. आमच्याच जिल्ह्यातली शेणगाव-गारगोटीकडची मंडळी आम्हाला मागे टाकतील अशी माझी अटकळ आहे.