‘द बॉल इज इन युअर कोर्ट’ असं साहेबांनी मेलमध्ये लिहिलंय. म्हणजे नेमकं काय?

म्हणजे आता पुढचं तुम्ही बघायचं. वाक्प्रचार टेनिसमधला आहे. चेंडू जाळीवरून तुमच्या बाजूला आला की तो परतवायचा तुम्हीच, समोरचा फक्त वाट बघणार. (न्यायालयाशी काही संबंध नाही, घाबरू नका!) मराठी वर्तमानपत्रांनी ‘चेंडू आता अमक्याच्या कोर्टात’ इतकं रुळवलंय की ते उसनं वाटतच नाही.

कोटेशन पाठवलं, मसुदा दिला की सहसा हे वाक्य येतं. त्यात राग नसतो, पण ‘माझं काम झालं, आता उशीर झाला तर तुमच्यामुळे’ अशी बारीक खोच असते. म्हणून वरिष्ठांना मी हे लिहीत नाही. ‘आपल्या उत्तराची वाट पाहतोय’ पुरतं. तुम्हाला वेळ लागणार असेल तर आजच ‘गुरुवारपर्यंत कळवतो’ एवढं लिहून टाका.