फूल नंतर, आधी मागचं बघा

प्रश्न : रानफुलांचे फोटो काढायचा नाद आहे. पण सुट्टीच्या दिवशी आवरून निघेपर्यंत उन्हं डोक्यावर येतात. पांढरी फुलं नुसती पांढरीफटक येतात, पाकळीवरची एक रेघ दिसत नाही, आणि मागे काड्यांचा गुंता. शंभर मिलिमीटरची मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स आहे. फ्लॅश घ्यावा का? दोन फोटो सोबत पाठवले आहेत.

उत्तर : फ्लॅशचे पैसे तूर्त राहू द्या. तुमचे दोन्ही फोटो उभ्यानं, वाकून काढलेले आहेत आणि निम्मं दुखणं तिथंच आहे. वरून बघितलं की फुलाच्या मागे येते जमीन, तीही जेमतेम वीतभर अंतरावर. एवढ्या जवळची काडी कितीही अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) उघडलं तरी पुरती विरघळत नाही. पोटावर झोपा, लेन्स फुलाच्या उंचीला आणा. आता मागे येईल ते दूरचं झुडूप. त्याच अ‍ॅपर्चरला त्याचा नुसता हिरवा रंग उरतो.

मी तर फुलाकडे नंतर बघतो. आधी सावलीतला एखादा गडद, निवांत तुकडा हेरायचा आणि मग त्याच्या पुढ्यात येणारं फूल शोधायचं. तुमच्या लेन्सचा कोन अरुंद आहे, त्यामुळे कॅमेरा चार बोटं सरकवला तरी मागचं सगळं बदलतं. पहिल्या फोटोत पाकळीला शिंग फुटल्यासारखी काडी आलीय ना, ती तेवढ्यानंच गेली असती. जाईना तर काडी हळूच बाजूला दाबून धरा, फोटो झाला की सोडा. उपटू नका. आणि गुडघा टेकण्याआधी खाली कळ्या नाहीत ना, ते बघा.

सगळं फूल फोकसमध्ये यावं म्हणून एफ १६ (म्हणजे अगदी बारीक छिद्र, पुढचं-मागचं सगळं स्पष्ट) लावा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. लावलंत की त्या काड्याही हजर! मी एफ ५.६ ते ८ च्या आसपास राहतो आणि कॅमेऱ्याची पाठ फुलाच्या चेहऱ्याला समांतर ठेवतो. चपट्या फुलाला तेवढं पुरतं. खोलगट फूल असेल तर फोकस पुंकेसरांवर. पुढची पाकळी धूसर झाली तर होऊ द्या.

आता ऊन. भर दुपारी फुलावर स्वतःची सावली पाडून लोक खूश होतात. पण फूल सावलीत आणि मागचं उन्हात, म्हणजे नजर मागेच पळणार. त्यापेक्षा पातळ पांढरं कापड किंवा डिफ्यूझर फ्रेममध्ये येणार नाही इतपत, पण फुलाच्या होईल तेवढं जवळ धरा. जितकं जवळ तितका उजेड मऊ. आभाळ भरून आलं असेल तर तेही नको.

पांढरं फूल जळतं ते कॅमेऱ्याच्या मीटरमुळे, म्हणजे उजेड मोजून फोटो किती उजळ करायचा ते ठरवणाऱ्या भागामुळे. मागे गडद आणि मधे छोटं पांढरं फूल असेल, तर मीटर त्या अंधाराला उजळायला जातो; एक्स्पोजर (कॅमेऱ्यात शिरणारा उजेड) पाऊण-एक स्टॉप कमी करा; एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा उजेड. पण फुलांनीच फ्रेम भरली असेल तर उलटं होतं, पांढरं राखाडी पडतं. तिथं वाढवावं लागतं. हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) उजव्या, म्हणजे पांढऱ्या कडेला आदळत नाही ना, हे बघत चला. लाल-पिवळ्या फुलांना तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम बघा. एकटा लाल आधीच फुटलेला (कडेला आदळून तपशील गेलेला) असतो.

एखादा दिवस मात्र उन्हं कलताना जाच. सूर्य फुलाच्या मागे घ्या, लेन्सवर हुड किंवा हाताची सावली धरा. पातळ पाकळ्यांच्या शिरा उजळतात, देठावरची लव न् लव सोन्यासारखी उठते. जाड, मांसल पाकळ्यांत ही गंमत नाही. त्या काळ्या दिसतात. वारा असेल तर शटर १/२५० सेकंदापेक्षा मंद नको.

प्रश्न : मोबाईलवर जांभळी फुलं निळी येतात. असं का?

उत्तर : बहुधा तुम्ही ती सावलीत टिपता. तिथं थेट ऊन नसतं, आभाळाचा निळा उजेड असतो आणि ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग आपोआप जुळवणारी सोय) तो पुरता सावरत नाही. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथं सेटिंग स्वतः ठरवता येतात) व्हाइट बॅलन्स 'शेड', म्हणजे सावलीचा, निवडा. नसेल तर रंग घरी येऊन आठवून सुधारू नका. फुलाशेजारी बसूनच, स्क्रीनवर सावली धरून, जुळवा.