वाचकांचे प्रश्न : उंदरांतली पोटॅशियम चॅनेलची जनुके

प्रश्न : केसीएनएमए१ आणि केसीएनएन१ ते ४ ही सगळी कॅल्शियमने उघडणाऱ्या पोटॅशियम चॅनेलची (पेशीच्या पडद्यातून पोटॅशियम जाऊ देणाऱ्या प्रथिनांच्या दारांची) जनुके. मग एकाच्या नॉकआउट (ते जनुक निकामी केलेल्या) उंदरावरून बाकीच्यांचा अंदाज बांधता येईल का?

उत्तर : नाही. केसीएनएमए१ पासून बीके चॅनेल बनतो. कॅल्शियम धरायच्या जागा त्याच्या स्वतःच्याच शेपटात असतात, शिवाय तो व्होल्टेजनेही उघडतो. एका चॅनेलची वाहकता २०० पिकोसीमेन्सच्या वर. केसीएनएन१ ते ३ चे एसके चॅनेल १० पिकोसीमेन्सच्या आसपासचे. त्यांना व्होल्टेजचे सोयरसुतक नाही. कॅल्शियम धरते ते त्यांना चिकटलेले कॅल्मोड्युलिन हे प्रथिन. केसीएनएन४ ची रीत तीच, पण तो मुख्यतः रक्तपेशी आणि ग्रंथींमध्ये सापडतो.

पॅच क्लॅम्प (बारीक काचनळी लावून पेशीतला प्रवाह मोजणे) करताना हा फरक लगेच जाणवतो. एसकेला १ मायक्रोमोलरहून कमी कॅल्शियम पुरते. बीकेला विश्रांतीच्या व्होल्टेजजवळ उघडायला १० मायक्रोमोलरहून जास्त लागते, म्हणून तो कॅल्शियम चॅनेलला खेटून बसतो. पिपेटमध्ये ईजीटीए (कॅल्शियम पकडणारे रसायन) घालून तो बंद पडेल असे धरू नका. ईजीटीए संथ आहे, तो कॅल्शियम पकडेपर्यंत बीकेचे काम झालेले असते. तिथे त्याच कामाचा, पण चपळ असा बाप्टाच हवा.

प्रश्न : मेंदूतल्या डेंटेट जायरसच्या ग्रॅन्यूल पेशींवर बीके अडवणारे विष, १०० नॅनोमोलर आयबेरिओटॉक्सिन, टाकले, प्रवाह तसाच राहिला. म्हणजे तिथे बीके नाही?

उत्तर : तसा निष्कर्ष काढू नका. या पेशींत केसीएनएमबी४ जनुकाचे बीटा-४ उपएकक (चॅनेलला जोडणारे साहाय्यक प्रथिन) भरपूर असते आणि ते जोडलेल्या बीकेवर हे विष फार सावकाश बसते. बीके अडवणारे दुसरे रसायन, १ मायक्रोमोलर पॅक्सिलीन, वापरून पाहा. मात्रा १० मायक्रोमोलरच्या पुढे नेलीत तर सर्का पंपही (पेशीतल्या साठ्यात कॅल्शियम भरणारा) अडतो आणि प्रयोगाचा अर्थच लागत नाही. आणखी एक: आयबेरिओटॉक्सिन ३७ अमिनो आम्लांचे पेप्टाइड आहे, नळ्यांच्या प्लास्टिकला चिकटते. द्रावणात ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातले प्रथिन) घाला. (हे विष कोकणात आढळणाऱ्या लाल विंचवाचेच. दंशानंतर रोगी दगावतो तो मात्र मुख्यतः सोडियम चॅनेलवरच्या दुसऱ्या विषांमुळे.)

प्रश्न : हेटेरोझायगस (जनुकाची एकच प्रत निकामी असलेल्या) जोड्यांच्या ४० पिल्लांत केसीएनएमए१ नॉकआउट फक्त ७ निघाली. गर्भातच मरत असतील का?

उत्तर : अपेक्षा १० ची, प्रमाण विचलन सुमारे २.७. सात हा आकडा योगायोगातच बसतो. आधी पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून जनुक ओळखायची चाचणी) तपासा. तीन प्रायमर (प्रती जिथून सुरू होतात ते डीएनएचे छोटे तुकडे) एकाच नळीत असले की आखूड पट्टी जोर धरते, लांब पट्टी पुसट होते आणि हेटेरोझायगस पिल्लू होमोझायगस (दोन्ही प्रती सारख्या असलेले) वाटते. शंकास्पद नमुने दोन वेगळ्या नळ्यांत पुन्हा करा. नॉकआउट पिल्ले लहानखुरी असतात, चालताना तोल जातो, दुधासाठीच्या ढकलाढकलीत मागे पडतात. ती वाचवायची तर दूध उशिरा तोडा आणि ओला, मऊ खुराक पिंजऱ्याच्या तळाशी ठेवा. तुलना त्याच वेतातल्या भावंडांशीच करा. श्रवणाची चाचणी असेल तर वय जुळवून घ्या, कारण वय वाढेल तशी या उंदरांची उच्च वारंवारतेची ऐकण्याची क्षमता घटते.